चाकवत, घोळ आणि सासूबाई

२ मे, शनिवार

चमचा पुन्हा भिरकावला! सूप भिंतीवर, माझ्या बाहीवर आणि सकाळीच बदललेल्या चादरीवर. उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण डावा हात शाबूत आहे. आणि तो नेमका ह्याच कामाला चालतो.

सासूबाईंना झटका आला त्याला दोन महिने होतील. तेव्हापासून त्या मधल्या खोलीत, म्हणजे माझ्या शिलाईच्या खोलीत. मशीन स्वयंपाकघराच्या दाराआड ढकललंय. दार उघडलं की माझ्या कोपरावर आपटतं. चार पँटी आणि गिऱ्हाइकाचा एक पडदा तसाच पडून आहे.

नवरा म्हणतो, "अगं, तिला कळत नसेल." न कळायला काय झालं? तो भरवतो तेव्हा निम्मी वाटी जाते. मी चमचा पुढे केला की ओठ गच्च! सव्वीस वर्षं माझ्या हातच्या प्रत्येक घासाला नाक मुरडलं. आता बोलता येत नाही म्हणून फेकतात. एवढाच काय तो फरक.

४ मे

नणंदेचा फोन. "वहिनी, आता काहीतरी ठरवायला हवं. मी एक शुश्रूषागृह बघून आलेय. स्वच्छ आहे, बायका चांगल्या आहेत." आवाज असा गोड, की जणू मलाच भरती करायचंय.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिला समजतंय तोवर मी तिला घराबाहेर काढणार नाही. काहीच समजत नसेल तर बघू." मग दोघा भावंडांनी ठरवलं — जूनमध्ये मेंदूच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासतील. त्या सांगतील तसं करायचं. मला कोणी विचारलं नाही. चादरी तेवढ्या मी बदलायच्या.

मनात म्हटलं, नापास होऊ दे म्हातारी. लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

५ मे

आणि हे एक वर. गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे बाग आहे, तिथे लोकांना भाजी लावायला एकेक तुकडा मिळतो. म्हातारीचाही आहे. हिवाळ्यापासून तिकडे कोणी फिरकलेलं नाही. बागेच्या मंडळाचा निरोप आला, एकतर जागा साफ करून परत द्या, नाहीतर तिथे काम चालू असलेलं दिसू द्या. नवऱ्याने फाटकाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "तेवढं बघशील?"

तेवढं! घरातली म्हातारी बघायची, आता तिचं रानही बघायचं.

६ मे

रानच आहे. कमरेइतकं. मधोमध एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची, बुडाला भोक पडलेली झारी, आणि बाकी नुसतं हिरवं. काय पेरलेलं आणि काय आपसूक उगवलेलं, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शेजारच्या तुकड्यावर एक गृहस्थ सतत नळी हातात धरून उभे असतात. मी त्यांचं नाव फवारा ठेवलंय. रामराम नाही, नमस्कार नाही, सुरुवातच — "तुमच्या ह्या जंगलाचं बी माझ्या वाफ्यात येतं. उपटा सगळं आणि जाळून टाका!"

म्हटलं, "तुमचं पाणी माझ्या चपलेत येतंय, ते आधी आवरा."

विळा घेऊन सुरुवात केली. हात सोलवटले. एका झाडाची पानं उलटी केली तर खालून पिठूळ, बोटाला पांढरं लागलं. ही पानं मी पाहिलीयेत. दर उन्हाळ्यात सासूबाई पिशवी भरून आणायच्या आणि ओट्यापाशी बसून निवडायच्या. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "राहू दे. तुला पानातलं काय कळतंय? तू सुईदोऱ्यातली."

हे आठवलं आणि डोकंच फिरलं. हाताला येईल ते पिशवीत कोंबलं आणि घरी येऊन त्यांच्या पलंगावरच्या आडव्या पाटावर ओतलं. "घ्या तुमचं रान!"

वाटलं, फेकतील. फेकलं नाही. डावा हात हलला. एक काडी उचलली, अंगठ्याने पान चिरडलं, नाकाशी नेलं आणि जमिनीवर टाकलं. दुसरी उचलली. ती पोटाशी ठेवली. तिसरी जमिनीवर. अशी अख्खी पिशवी. चांगलं पोटाशी, वाईट खाली. झाडून काढायला मी आहेच!

७ मे

त्यांनी ठेवलेलं ते पिठूळ पान म्हणजे चाकवत. फवाऱ्याकडून खात्री करून घेतली. नळी न थांबवता म्हणाला, "चाकवतच तो. म्हातारबाई दरवर्षी बी झडू देतात, म्हणे आपलं आपण उगवेल. मी दरवर्षी भांडतो. ऐकतील तर शपथ!"

वाफवला, घोटला, तेलात लसूण लाल करून वर ओतली. नेऊन चमचा पुढे धरला. वाटी संपली. शेवटी बोट फिरवून वाटी पुसलीसुद्धा.

मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. म्हणजे दोन महिने भूक होती! नुसता माझ्याशी हट्ट चालला होता.

९ मे

आज चुका. आंबट पान. ह्यातला एक तुकडा त्यांनी स्वतःच तोंडात टाकला आणि डोळे बारीक केले.

१२ मे

मला खोड काढायची लहर आली. फवाऱ्याने सांगून ठेवलं होतं — जमिनीलगत पसरते, देठ लालसर, पानं जाडसर ती घोळ. पण तशीच दिसणारी दुसरी एक वेल तिथेच पसरते. ती मोडली की पांढरा चीक येतो. "ती पोटात गेली तर उलट्यांनी हैराण व्हाल." मी घरी घोळीच्या जुडीत चिकाच्या वेलीचे चार देठ मुद्दाम घुसवले. बघू तरी, खरंच ओळखतात की नुसता हात चालतोय!

पहिला देठ हाताला लागताच थांबल्या. दोन बोटांत मोडला. चीक आला. माझ्याकडे पाहिलं — कशा नजरेने, ते इथे लिहिण्यासारखं नाही — आणि तो चिकाचा थेंब माझ्या बाहीला पुसला.

बाकीचे तीनही काढले.

१३ मे

म्हणजे म्हातारीला सगळं समजतंय. मला माहीत आहे, तिला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही.

नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं तर ती इथेच राहील. शिलाईची खोली गेली ती गेलीच. मी वाईट आहे का? असेन.

१५ मे, शुक्रवार

तुकड्याच्या कडेला माझ्या खांद्याइतके उंच सोटे उभे आहेत, वर पिवळी फुलं. पान तोडलं की पांढरा चीक. चीक म्हणजे तण, एवढं तर मी शिकलेय! घरी आल्यावर एक सोटा सरळ कचऱ्याच्या बादलीत टाकला. तर म्हातारीने पाटावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. शेवटी बादलीतून काढून तिच्या पुढ्यात ठेवावा लागला.

वरचं एक कोवळं पान खुडलं, पदराला पुसलं, माझी चहाची बशी जवळ ओढली, त्यात ठेवलं आणि बशी माझ्याकडे सरकवली. अगदी पाहुण्याला द्यावं तसं.

मी खाल्लं. कडू जहर! जीभ, टाळू, घसा, सगळं कडू. मोरीपर्यंत धावत गेले. मागून आवाज आला — खरखरीत, अर्ध्या तोंडाचा. म्हातारी हसत होती! झटक्यानंतर तिच्या तोंडून आलेला पहिला आवाज, आणि तो मला फसवल्याचा.

नंतर कळलं, ते साधं लेट्यूस. फुलावर गेलं की असं उंच होतं आणि कडू होतं. विष नाही, तण नाही, नुसतं खाण्याच्या पलीकडे गेलेलं. चूळ भरून भरून दमले, तरी चहासुद्धा कडू लागत होता.

आता हे इथे लिहिते, पण कोणाला सांगणार नाही. मोरीत तोंड धुताना मलाही हसू आलं.

१९ मे

आजचा दिवस काढून टाकता आला तर बरं.

दोनदा चादर. दुसऱ्यांदा गादीपर्यंत गेलेलं. बाहेर गिऱ्हाईक पडद्यासाठी ताटकळत उभं, आणि मी इथे बादली घेऊन. पुसताना त्या डोळे गच्च मिटून घेतात, तोंड भिंतीकडे. मुठीत चादर. आज मी हात जरा जोरात ओढला, तर डाव्या हाताचा फटका बसला. कानाखाली.

मग मी बोलले. सगळं बोलले. सव्वीस वर्षांचं. "माझ्या हाताची किळस येते ना? मलाही येते! मला माझी खोली हवीय, माझं मशीन हवंय. किती दिवस? सांगा ना, आणखी किती दिवस?"

सांगणार कुठून.

संध्याकाळी भाजी निवडायला दिली नाही. त्यांनीही मागितली नाही.

२० मे

चाकवत दिला. निवडला. दोघी एकमेकींकडे न बघता.

२४ मे, रविवार

नणंद आली. आईजवळ बसली, दोन मिनिटं हात चोळला, मग उठून कपाट उघडलं. लोकरीची शाल खांद्यावर टाकून आरशात पाहिली. "वहिनी, ही मी नेते. तिथे काय करायचीय? आणि बागेच्या तुकड्याचं कळवून टाका त्यांना. कशाला तिथे राबता?"

मी म्हटलं, "ताई, हळू बोला. त्या ऐकतायत."

"काय ऐकतेय! नुसता ओंडका झालाय आईचा." असं म्हणून डोळे पुसले. शाल खांद्यावर तशीच!

पांघरुणाखाली डावी मूठ वळलेली मला दिसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओंडका? ही बाई अजून चार देठांतला चीक ओळखते. हिने मला लेट्यूस खायला घातलं. तिला नावं ठेवायचीच असतील तर मी ठेवीन, सव्वीस वर्षं रोज खपलेय त्यासाठी. तू कोण, महिन्यातून एकदा येऊन शाल नेणारी?

तोंडावर म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. शाल मात्र काढून घेतली. "धुवायचीय," म्हटलं.

२९ मे

तुकडा बराच साफ झालाय. चाकवताची चार झाडं उभी ठेवलीत, बी धरायला. फवारा बघून म्हणाला, "तुम्हीपण त्यातल्याच!" मी म्हटलं, "हो."

२ जून

डॉक्टरीणबाई शुक्रवारी येणार.

चांगलंच की! मला दुसरं काय हवं होतं? गप्प बसायचं, एवढंच. त्या कागदावरची चित्रं दाखवतात म्हणे, आणि सासूबाईंना असल्या पोरखेळाचा कायम तिटकारा. कोणी नापास करायला नको, आपणच नापास होतील. खोली मोकळी होईल. मशीन खिडकीपाशी. उजेड!

पण ओंडका हा शब्द डोक्यातून जात नाहीये. भांडण असलंच तर शुद्धीतल्या माणसाशी असावं. ओंडक्याशी जिंकून मी काय करू!

५ जून, शुक्रवार

झालं.

डॉक्टरीणबाई शांत, तरुण, गळ्यात चष्मा. पाटावर चित्रं मांडली. "आजी, कात्री कुठेय? दाखवा बरं. घड्याळ?" सासूबाई छताकडे बघत राहिल्या. "बरं, हा हात वर करा." नाही. "हा तुमचा मुलगा ना?" नाही. नवऱ्याचा चेहरा पाहवेना. नणंद रुमाल काढून बसलेलीच होती.

आणि मी तोंड उघडलं! गप्प बसले असते तर सगळं आपोआप होत होतं. "थांबा," म्हटलं. "त्यांना सगळं समजतं. मी दाखवते." सकाळीच तुकड्यावरून टोपली भरून आणली होती. का आणली होती? मलाच ठाऊक. चाकवत, चुका, घोळ, त्यातच चिकाची वेल. पाटावर ओतली. "डॉक्टर, बघा. चांगलं पोटाशी ठेवतील, वाईट खाली टाकतील."

सासूबाईंनी चाकवत उचलला आणि जमिनीवर टाकला.

मला वाटलं चुकून. चुका उचलला — खाली. घोळ — खाली. चिकाची वेल उचलली, पोटाशी ठेवली. वास नाही, चिरडणं नाही, काही नाही. मग त्याच वेलीचा देठ सरळ तोंडाकडे नेला! मी झडप घालून हातातून ओढला. चीक माझ्या बोटांना लागला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरातली माणसं असं मनापासून समजून चालतात. तुमचा काही दोष नाही." नणंदेने माझ्याकडे अशा कीवेने पाहिलं, की दोन थोबाडीत खाल्लेल्या परवडल्या असत्या.

नवरा नंतर म्हणाला, "अगं, तू फार दमलीयेस."

६ जून

काल सगळे गेल्यावर दार लावून पुन्हा टोपली ठेवली होती. समोर बसले. म्हटलं, "आता कोणी नाही. निवडा." हात पांघरुणाखाली. डोळे भिंतीकडे. "निवडा ना!" ओरडलेच. काही नाही.

म्हणजे इतके दिवस? ती नजर? ते हसणं? नवरा म्हणतो, कधी योगायोगाने जमतं, माणसाला हवं ते दिसतं. असेल. एका आजारी बाईच्या हाताच्या हालचालीवर मी अख्खं भांडण रचलं. माझीच अक्कल!

जागा मिळालीय. परवा सकाळी गाडी येणार.

७ जून

कपडे भरले. शाल भरली, सगळ्यात वर. केस विंचरून दिले. त्यांनी विंचरू दिले.

संध्याकाळी तुकड्यावरून टोपली पुन्हा भरून आणली, हाताला येईल ते, चिकाची वेल, लेट्यूसचा शेंडासुद्धा, आणि पाटाशेजारी स्टुलावर ठेवली, वर ओलं फडकं. जवळ माझा चहा होता, तो तिथेच विसरले. भाजी का आणली, विचारू नये. सवय.

८ जून, सोमवार

गेल्या. सगळ्यांनी मिळून खुर्चीवरून खाली नेलं. जिना उतरताना माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. नवरा आणि नणंद सोबत गेले.

वर आले ते चादर काढायला. मशीन आजच खिडकीपाशी सरकवायचं, असं ठरवूनच.

फडकं घडी करून उशाशी ठेवलेलं. टोपलीत चाकवत एकीकडे, चुका एकीकडे, घोळ एकीकडे. देठ खुडलेले, पिवळी पानं काढलेली. पलंगाखाली जमिनीवर चिकाची वेल. सगळीच्या सगळी, प्रत्येक देठ मोडून पाहिलेला. एकही पान इकडचं तिकडे नाही.

माझी कालची बशी पुसून पाटाच्या कडेला, माझ्या बाजूला सरकवलेली. बशीत लेट्यूसचं एक कोवळं पान.

खाली बसले आणि खाल्लं. सगळं.